पैसे भरायचे आहेत

दुकानाच्या फळ्या लावून झाल्या की दुकानदार गल्ला मोजायला बसतो. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा वेगवेगळ्या लावतो, गड्डीला रबर घालतो, चिल्लर स्टीलच्या डब्यात ओततो आणि वहीत आकडा लिहितो. मग प्रश्न येतो, हे पैसे आज रात्री कुठे ठेवायचे. शहरात पैसे भरायचं मशीन कोपऱ्यावर असतं. आमच्याकडे तांदळाचा डबा असतो, देवघराचा खण असतो, कपाटातल्या साड्यांच्या घड्या असतात. चोराची भीती थोडी. खरी भीती आपल्याच माणसांची आणि आपल्याच गरजांची. हाताशी असलेला पैसा हाताशी राहत नाही. कुणाला दवाखान्यात न्यायचं असतं, कुणाच्या घरी लग्न निघतं, शाळेची फी अचानक आठवते, आणि परवा माल भरायला ठेवलेली रक्कम आजच संपते. चांगला चालणारा धंदा असा रिकामा होताना मी जवळून पाहिला आहे.

छोट्या धंद्यांबद्दल आपल्याकडे बोलणं निघालं की लगेच कर्जाचं बोलणं निघतं. २०१५ मध्ये मुद्रा योजना आली तेव्हापासून तर जास्तच. कर्ज लागतंच, मी नाकारत नाही. पण वर्षातून एकदा लागणाऱ्या कर्जाआधी रोज लागणाऱ्या गोष्टी आहेत: दिवसाचा गल्ला भरायला जागा, बाजाराच्या दिवशी रोख काढायची सोय, सुट्टे पैसे, घाऊक व्यापाऱ्याला पाठवायचा मार्ग आणि हे सगळं कागदावर दिसेल असं एखादं खातं. या साध्या कामांसाठी सगळ्यात जवळचं सरकारी दार पोस्टाचं आहे. देशात सुमारे एक लाख पासष्ट हजार पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यांतली दहापैकी नऊ खेड्यांत आहेत. एवढं जाळं कोणत्याही बँकेकडे नाही. हे दार छोट्या व्यापाऱ्यासाठी कितपत उघडं आहे, याचा विचार गेली काही वर्षं माझ्या मनात सतत चालू आहे, कारण माझी काकी त्या दाराशी रोज उभी असते.

काकी सिंधुदुर्गात काजूगर करते. हंगामात, म्हणजे मार्च ते मे, वाडीतल्या आणि आजूबाजूच्या लोकांकडून काजू बी विकत घेते. बी विकायला आलेला माणूस रोख मागतो, आणि त्याचं बरोबरच असतं, कारण त्यालाही घरी जाताना मासळी आणि साखर घ्यायची असते. मग बी वाळवायची, वाफवायची, फोडायची, गर भट्टीत तापवून सोलायचे, प्रत लावायची. कामाला वाडीतल्याच चारेक बायका. मुंबईची गिऱ्हाईकं मोबाईलवरून पैसे पाठवतात, पण मालवण-कुडाळच्या बाजारातला आणि रस्त्यावरच्या पर्यटकाचा व्यवहार अजून बराचसा रोखीत असतो. तिची बँक तालुक्याला आहे. एसटीने जायचं, रांग, परतीची एसटी. हंगामातला अख्खा दिवस मोडतो. पोस्ट मात्र हाकेच्या अंतरावर, एका घराच्या पडवीत.

पडवीतलं पोस्ट हे शहरातल्या वाचकाला कदाचित नीट माहीत नसेल. शाखा डाकघर चालवणारे ग्रामीण डाक सेवक हे खात्याचे पूर्णवेळ नोकर नसतात. कामाचे तास चार किंवा पाच. जागा बहुतेक ठिकाणी त्यांची त्यांनीच द्यायची. आणि जुन्या नियमात तर उपजीविकेचं दुसरं साधन असणं ही नेमणुकीची अटच होती. त्यामुळे कित्येक गावांत पोस्टमास्तर स्वतःच किराणा दुकानदार असायचे, एका हाताने तूरडाळ तोलायची आणि दुसऱ्या हाताने तिकिटावर शिक्का मारायचा. गावातल्या व्यापाराशी पोस्टाची एवढी सलगी असूनही पोस्टाच्या नियमांत व्यापाऱ्याला जागा नव्हती.

यामागे जुना इतिहास आहे, आणि कोकणात तो घराघरात आहे. पोस्टाने मनीऑर्डरचं काम १८८० मध्ये हाती घेतलं. पुढची शंभर वर्षं कोकणातली चूल मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर पेटली. माझे आजोबा परळला गिरणीत होते. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आजी पोस्टमनची वाट बघत बसायची. तो पडवीत बसून नोटा मोजून द्यायचा, आजी शाईत अंगठा बुडवून फॉर्मवर उठवायची, शेजारचा कुणीतरी साक्षीदार म्हणून सही करायचा. कूपनवर आजोबांच्या दोन ओळी असायच्या, त्या पोस्टमनच वाचून दाखवायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाकरमानी परतू लागले आणि त्या मनीऑर्डरी आटल्या. हे सगळं इथे सांगायचं कारण असं की या शंभर वर्षांत पोस्टाच्या मनात गावाचं एक चित्र पक्कं झालं. पैसा बाहेरून येतो, पोस्ट तो पोचवतं, गाव तो घेतं. पैसा गावात तयार होतो आणि तो कुठेतरी भरावा लागतो, हे त्या चित्रात नव्हतं.

याला एक मोठा अपवाद होता, व्हीपी पार्सलचा. विकणाऱ्याने पार्सल पाठवायचं, पोस्टमनने दारात पैसे घेऊन ते सोडवायचं आणि पैसे मनीऑर्डरने विकणाऱ्याकडे परत यायचे. ही सोय १८७७ पासूनची. आज घरपोच वस्तू आल्यावर पैसे देण्याचं सगळ्यांना अप्रूप वाटतं, पण आडगावातल्या वैद्याने चूर्णं आणि पुण्यातल्या छोट्या प्रकाशकाने पुस्तकं याच रीतीने विकली. दुकान नसलेल्या, भांडवल नसलेल्या माणसाला पोस्टाने सगळ्या देशाची बाजारपेठ मिळवून दिली होती. पोस्टाने छोट्या व्यापाऱ्याचा विचार केला तर काय होऊ शकतं, याचा हा आपल्या मातीतला पुरावा आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

बचत बँकेची गोष्ट वेगळी. पोस्टाची बचत बँक १८८२ ची. गरिबाने चार आणे बाजूला टाकावेत, म्हातारपणाला ते उपयोगी पडावेत, हा तिचा हेतू, आणि तो तिने निष्ठेने पाळला. सरकारची हमी असल्यामुळे लोकांचा विश्वासही तेवढाच. पण हे खातं व्यक्तीचं. एकट्याचं, जोडीचं किंवा पालकाने मुलासाठी उघडलेलं. दुकानाच्या नावाने ते निघत नाही. त्यातून दुसऱ्या बँकेत थेट पैसे पाठवण्याची, म्हणजे एनईएफटीची सोयसुद्धा मे २०२२ मध्ये आली. तोवर मुंबईच्या गिऱ्हाइकाने काकीच्या पोस्टातल्या खात्यात पैसे पाठवतो म्हटलं, तर त्याला बँकेतून थेट पाठवण्याचा रस्ताच नव्हता.

१ सप्टेंबर २०१८ ला इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली आणि चित्र बदललं. हे मला मोकळेपणाने मान्य करायचं आहे. पोस्टमनच्या हातात यंत्र आलं. कोणत्याही बँकेत खातं असो, आधार आणि अंगठ्यावर एका वेळी दहा हजारांपर्यंत रोख पडवीत मिळू लागली. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांचा पेन्शनसाठीचा एसटीचा फेरा वाचला, ही फार मोठी गोष्ट आहे. आणि पहिल्यांदाच पोस्टाच्या खिडकीवर चालू खातं मिळू लागलं, धंद्याचं. दुकानाला चिकटवायचा क्यूआर कोडही पोस्टमनच आणून देऊ लागला. काकीने खातं उघडलं त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही. धंद्याच्या नावाचं खातं, आणि तेही आपल्या वाडीत.

खातं उघडल्यावर दरपत्रक आलं. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेले दर असे: चालू खात्यात महिन्याला दहा हजारांपर्यंत रोख भरणं फुकट. त्यापुढे भरलेल्या रकमेवर अर्धा टक्का, पण दर व्यवहाराला किमान ₹२५. काढण्याला महिन्याची मर्यादा पंचवीस हजार, पुढे तोच अर्धा टक्का आणि तेच किमान ₹२५. वर जीएसटी.

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून मी वही घेऊन बसले. समजा एखाद्या दुकानदाराचा रोजचा गल्ला तीन हजार आहे आणि तो महिन्यातले पंचवीस दिवस भरतो, म्हणजे महिन्याला पंच्याहत्तर हजार. पहिल्या तीन दिवसांतच दहा हजारांची फुकट मर्यादा जवळपास संपते. उरलेले बावीस दिवस प्रत्येक भरण्याला ₹२५, म्हणजे साडेपाचशे रुपये. हीच रक्कम त्याने घरात साठवून आठवड्यातून एकदा भरली, तर अर्ध्या टक्क्याने सव्वातीनशेच्या आसपास. पाच हजारांहून कमी भरणाऱ्याला शेकडा दर जास्त पडतो, जास्त भरणाऱ्याला कमी. ज्याचा गल्ला लहान त्याच्यावर भार मोठा. शिवाय रोज पैसे भरण्याची चांगली सवय ज्याला आहे, त्याला दरपत्रक सांगतं की पैसे घरातच ठेव, साठव, मग ये. तांदळाचा डबा सुटावा म्हणून उघडलेलं खातं माणसाला पुन्हा डब्याकडेच पाठवतं. साखर-तेलावर किलोमागे एक-दोन रुपये सुटणाऱ्या किराणावाल्याला साडेपाचशे रुपये म्हणजे काय, हे त्याच्या घरात बसल्याशिवाय कळायचं नाही.

रोख हाताळायला खर्च येतो, हे मला कळतं. नोटा मोजायच्या, पिशवीत सीलबंद करून वरच्या ऑफिसला पाठवायच्या, त्यांची जोखीम घ्यायची. पण तो खर्च कुणी उचलायचा, हा धोरणाचा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये बँका गावोगावच्या शाखा बंद करत सुटल्या, तेव्हा तिथल्या पोस्टाशी बँकांचा एक करार झाला, जानेवारी २०१७ पासूनचा. बहुतेक सगळ्या मोठ्या बँकांचा ग्राहक, छोटा दुकानदारसुद्धा, आपला गल्ला जवळच्या पोस्टात नेऊन आपल्या बँकेच्या खात्यात भरू शकतो. या कामाचा मोबदला पोस्टाला बँक देते. आपल्याकडेही काकीची तालुक्याची बँक तिच्यासाठी वाडीत शाखा काढणार नाही, तर निदान तिचे पैसे पडवीत स्वीकारण्याचे पैसे तिने पोस्टाला द्यावेत. दुसऱ्या बँकेतले पैसे काढण्याची सोय जेवढ्या धडाक्याने उभी राहिली, तेवढ्या धडाक्याने ते भरण्याची उभी राहिली नाही. पुन्हा तेच चित्र: गाव घेणारं आहे, देणारं नाही.

मर्यादेचं दुखणं आणखी वेगळं. पेमेंट्स बँकेत दिवसाअखेर दोन लाखांहून जास्त शिल्लक ठेवता येत नाही. एप्रिल २०२१ पर्यंत तर हा आकडा एक लाख होता. एरवी काकीला दोन लाख पुष्कळ. पण हंगामात बी विकत घ्यायला जमवलेली रक्कम आणि मोठ्या दुकानाकडून आलेलं बिल एकाच आठवड्यात पडलं की ती काठावर येते. आणि ही बँक कर्ज देऊ शकत नाही, तो तिच्या परवान्याचाच भाग आहे. गोळा झालेल्या ठेवींपैकी किमान पंच्याहत्तर टक्के रक्कम तिला अल्प मुदतीच्या सरकारी रोख्यांत ठेवावी लागते. त्यामुळे ठेवी सुरक्षित राहतात, हे खरंच. पण आमच्या वाडीतल्या काजूचे, कोकमाचे, कुळीथपिठाचे पैसे पडवीतून दिल्लीला जातात आणि वाडीतल्या कुणाला बॉयलर घ्यायला कर्ज म्हणून परत येत नाहीत. हे मला टोचतं. पूर्वी पैसा मुंबईहून गावाकडे यायचा, आता तो निदान गावात फिरायला हवा होता.

आता अंगठ्याबद्दल. काजूच्या टरफलात तेल असतं, आणि ते कातडी जाळतं. बी फोडणाऱ्या बायका हाताला राख लावतात, खोबरेल लावतात, काहींना हातमोजे मिळतात, पण मोज्यांनी काम जमत नाही म्हणून त्या काढून ठेवतात. हंगामाच्या मध्यावर त्यांची बोटं काळी पडतात, सालं निघतात, आणि बोटांवरच्या रेषा पुसट होतात. अशा बोटाला यंत्र ओळखत नाही. काकी स्वतः फोडायला बसते, त्यामुळे तिचंही तेच. एकदा मी तिच्यासोबत पोस्टात होते. मजुरी द्यायला पैसे काढायचे होते. तिने एक बोट लावलं, दुसरं लावलं, डाव्या हाताचं लावलं. मास्तर समजूतदार माणूस, त्यांनी हळूच सांगितलं, “काकी, हात धुवन येवा, परत बघया.” ती पडवीच्या कोपऱ्यातल्या नळावर हात चोळचोळून धुऊन आली. तरीही यंत्र तयार होईना. बाहेर तीन बायका मजुरीसाठी थांबल्या होत्या आणि त्यांची बोटं तिच्याहून वाईट होती. माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं, तरी शाईतला तिचा अंगठा कुणी कधी नाकारला नाही, कारण समोरचा पोस्टमन तिला ओळखत होता. काकी दहावी शिकलेली, सही करणारी, धंदा चालवणारी, आणि तिचे कष्टच तिच्या ओळखीच्या आड येत होते.

२०२५ मध्ये या बँकेने चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आणली, हे वाचून मला मनापासून बरं वाटलं. बीडी वळणाऱ्या, विटा थापणाऱ्या, मासळी साफ करणाऱ्या कितीतरी हातांना याची गरज होती. फक्त आमच्याकडे दुपारी रेंज जाते तेव्हा चेहराही जागेवर अडतो. पर्यायी कागदी वाट, पासबुक आणि सहीची, कुठल्याही यंत्रापायी बंद होऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

छोट्या व्यापाऱ्याची नस आपल्याकडे खरी कुणी ओळखली असेल तर ती पिग्मीवाल्याने. कर्नाटकच्या किनाऱ्यावर, सिंडिकेट बँकेत, १९२८ मध्ये ही पद्धत निघाली, आणि महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी ती गल्लोगल्ली नेली. संध्याकाळी पिग्मी एजंट दुकानात येतो. गिऱ्हाईक असलं तर बाजूला उभा राहतो. पन्नास द्या, शंभर द्या, आज धंदा झाला नसेल तर उद्या द्या. कार्डावर आकडा लिहितो आणि जातो. दुकानदाराला दुकान सोडावं लागत नाही, आणि वर्षभराची पिग्मी बघून पतसंस्था त्याला कर्जही देते. वेळ व्यापाऱ्याची, रक्कम व्यापाऱ्याच्या ऐपतीची आणि आकड्यांमागे ओळख, या तीन गोष्टींत सगळं आलं. पण पतसंस्था बुडाली तर दुकानदाराला कुणी वाली नसतो. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं जे कवच आहे, ते पतसंस्थेला नाही. आयुष्यभराची पिग्मी गेलेली माणसं आमच्या तालुक्यात आहेत. पोस्टाची सुरक्षितता आणि पिग्मीवाल्याची रीत एकत्र यावी, एवढीच माझी मागणी आहे. पोस्टमन घरी येऊन पैसे घेतो, पण ऑगस्ट २०२१ पासून त्या सेवेला दर खेपेला ₹२० आणि जीएसटी पडतो. दीडशे रुपये भरणारी कोकमवाली वीस रुपये कसे देईल?

हे काम ज्यांच्याकडून करून घ्यायचं, त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय माझं बोलणं अर्धवट राहील. २०१८ च्या सुधारणेनंतर चार तासांच्या शाखा पोस्टमास्तरला मूळ भत्ता ठरला ₹१२,०००. त्यात टपाल, बचत खाती, विमा, पेमेंट्स बँक, आणि जबाबदारी सगळी रोखीची. २०२१ मध्ये शाखा डाकघरातल्या बचत खात्यातून दिवसाला काढायची मर्यादा पाच हजारांवरून वीस हजारांवर गेली. लोकांना हे हवंच होतं. पण शाखेत ठेवायच्या रोखीला मर्यादा असते, जास्त लागली तर वरच्या ऑफिसातून पिशवीतून मागवावी लागते. म्हणून आमचे मास्तर काकीला आदल्या दिवशी विचारून ठेवतात, उद्या किती लागतील. कुठल्याही नियमात न लिहिलेल्या अशा विचारपुशीवर वाडीतले धंदे चालतात. त्या माणसाला हंगामाच्या तीन महिन्यांत आठ तासांचा मोबदला मिळाला आणि पोस्ट संध्याकाळी सहापर्यंत उघडं राहिलं, तर त्याचा खर्च फार नाही. बाजार उठतो दुपारनंतर, आणि पोस्ट तोवर बंद झालेलं असतं. मागे मी गावी गेले तेव्हा काकी पदराच्या गाठीतली गड्डी दाखवत म्हणाली, “पैशे आसत, पण ठेवतलंय खंय?” दुपारचे तीन वाजले होते.

फुकट भरण्याची मर्यादा दहा हजारांवरून निदान लाखापर्यंत जावी. किमान ₹२५ ची अट चालू खात्यावरून उठावी. पोस्टातल्या खात्याचा उतारा धंद्याचा पुरावा म्हणून बँकांनी मानावा. ही शेवटची गोष्ट आता काकीच्या अगदी दारात आली आहे. तिला वाफेवर चालणारा मोठा बॉयलर आणि फोडायची दोन यंत्रं घ्यायची आहेत, बायकांचे हात वाचावेत म्हणून. तिने तालुक्याच्या एका बँकेत मुद्रा कर्जाचा अर्ज केला. साहेबांनी धंद्याच्या उलाढालीचा उतारा मागितला. तिने पोस्टाच्या चालू खात्याचा उतारा काढून नेला, प्रत्येक भरणा, प्रत्येक ₹२५ सकट. साहेबांनी तो ठेवून घेतला आहे. कर्ज मंजूर झालं तर ते त्या बँकेतल्या खात्यात येईल आणि हप्ता तिथूनच कापला जाईल. त्या खात्यात पैसे पोचवायला काकीने दोन्ही वाटांचा हिशेब करून ठेवला आहे: पोस्टात भरून मोबाईलवरून पुढे पाठवायचे तर पंचवीस रुपये आणि वरचा जीएसटी, एसटीने जाऊन भरायचे तर जाण्यायेण्याचं भाडं आणि एक दिवसाचं काम.